पायउतार गुरुजी

सोमनाथ गुरुजींना शाळेतली मुलं पायउतार गुरुजी म्हणायची. तोंडावर नव्हे, पण भिंतीला कान असतात आणि आमच्या शिक्षकखोलीच्या भिंतीला तर चांगलं भोक होतं, त्यामुळं त्यांना ते ठाऊक होतं. नागरिकशास्त्राच्या तासाला हा माणूस फळ्यावर एखाद्या देशाचं नाव लिहायचा आणि मुलांकडं वळून विचारायचा, "इथला प्रमुख पायउतार कसा होतो?" राजधानी कोणती, तिथं गहू पिकतो की भात, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते माझं खातं. मी त्याच हायस्कुलात भूगोल शिकवायचे. माझा जगाचा नकाशा गुरुजींनी चोवीस वर्षं उसना नेला आणि एकदाही आपण होऊन परत आणून दिला नाही. दर वेळी मीच त्यांच्या वर्गात जाऊन तो खिळ्यावरून काढायचे.

आम्ही दोघंही एकाच गावचे. मार्गासनीपासून दीड मैलावर, नदीच्या अंगाला आमचं गाव आहे. तालुक्याला आता राजगड म्हणायचं, पण जीभ अजून वेल्ह्यावरच वळते. नात्यानं ते माझे लांबचे दीर. शाळेत भाऊजी म्हणणं बरं दिसेना, म्हणून मी गुरुजी म्हणू लागले आणि ते मला सुलक्षणाबाई म्हणायचं सोडून नुसतं बाई म्हणू लागले. गावातून शाळेपर्यंत चालत पंचवीस मिनिटं. तेवढ्या वेळात मी जगातली बरीच सरकारं पडताना ऐकलेली आहेत.

गुरुजींचा एक तक्ता होता. जुन्या कॅलेंडरांची पानं पाठीमागून खळीनं जोडून केलेला. उलगडला की वर्गाच्या खिडकीपासून दारापर्यंत जायचा. त्याला चार रकाने. देश, राज्यपद्धत, प्रमुख कसा येतो, प्रमुख कसा जातो. पहिले तीन पुस्तकात सापडतात. चौथा त्यांनी स्वतः जोडलेला. त्यात काय काय होतं! इंग्लंडची राणी, मरणानं. तिथलाच पंतप्रधान, सभागृहाचा विश्वास गेला की. अमेरिकेचा अध्यक्ष, चार वर्षांनी, फार तर आठ. लष्करशहा, बहुतेक वेळा दुसऱ्या लष्करशहाच्या हातून. मलेशियाचा राजा पाच वर्षांनी जातो, कारण तिथं नऊ सुलतान आहेत आणि ते पाळीपाळीनं राजे होतात. हे ऐकून मुलं हसायची. राजा आणि पाळी, हे दोन शब्द आमच्याकडं एका ओळीत बसत नाहीत. पाळी ही पाटाच्या पाण्याची असते.

तक्त्यात अगदी खाली भोर संस्थान होतं. गुरुजींचे आजोबा भोरच्या कचेरीत शिपाई होते. संस्थान विलीन झालं त्या दिवसाबद्दल आजोबा सांगायचे, की कचेरीत काहीच झालं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी शिक्का बदलला. गुरुजींना ही गोष्ट फार आवडायची. "जावं तर असं जावं," म्हणायचे. "येताना सगळेच हार घालून येतात, बाई. राज्य ओळखायचं ते जाण्यावरून."

परीक्षेत चौथ्या रकान्यावर प्रश्न कधीच आला नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तक्ता बघून विचारलं होतं, की हे अभ्यासक्रमात कुठं आहे, आणि गुरुजी म्हणाले होते, नाही. तेवढ्यावर संभाषण संपलं. मुलं दहावी झाली की खेड शिवापूरच्या कंपन्यांत लागायची आणि गावात भेटली की रामराम घालायची. नेपाळचा राजा गेला त्या साली गुरुजींनी नसरापुरातून अर्धा किलो पेढे आणून शिक्षकखोलीत वाटले. सगळ्यांनी खाल्ले. कशाचे, हे एकानंही विचारलं नाही. गावातली माणसं तर सरळच सांगायची, "गुरुजी, अमेरिकेचं ऱ्हाऊ द्या, रेशनचा तांदूळ कवा येतोय ते बघा."

दोन हजार वीस साली ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात मुख्याध्यापकांनी त्यांना गणिताचे शिक्षक म्हटलं. मी शेजारी बसले होते. गुरुजी दमल्यासारखं हसले आणि शाल नीट घडी घालून पिशवीत ठेवली. घरी गेल्यावर तक्ता ओटीवरच्या भिंतीला लावला. तिथं तो बघायला मी आणि त्यांच्या शेळ्या, एवढीच मंडळी.

या माणसाचं गावानं आयुष्यात एकदाच ऐकलं. नसतं ऐकलं तर बरं झालं असतं.

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. गावानं ठरवलं, बिनविरोध करायची. सात जागा, सात माणसं, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. घोडं अडलं सरपंचपदावर. त्या वेळी सरपंच सदस्यांनी आपसातून निवडायचा होता आणि पद बाईला राखीव होतं. दावेदार तीन. एक अश्विनी, गेनबांची सून. गेनबा म्हणजे आमच्या गावचं जुनं खोड. स्वतः दोनदा सरपंच झालेले, त्यांना विचारल्याशिवाय गावात बारसंही होत नाही. दुसऱ्या सगुणाबाई, वरच्या आळीच्या. आणि तिसरी माया, वरच्या टेपावरच्या, म्हणजे टेकाडावरच्या, बौद्धवस्तीतली. बारावी शिकलेली, तिशीतली, बोलायला कमी. तिचा नवरा सम्राट शिवापूरला कंपनीत होता.

भैरवनाथाच्या देवळात बैठक बसली. बायका बाहेर ओट्यावर. मला तेवढं आत बोलावलं होतं, कारण इतिवृत्त लिहायला माझं अक्षर गावात बरं समजतात. दोन तास नुसता कालवा चालला होता. तेवढ्यात गुरुजी उठून उभे राहिले. देवळात त्यांनी तोंड उघडल्याचं मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"स्वित्झर्लंड म्हणून एक देश आहे," ते म्हणाले. "तिथला कारभारही सातच जण बघतात. आपल्यासारखेच. त्यातला एक जण वर्षभर अध्यक्ष. वर्ष संपलं की दुसरा. दीडशे वर्षं झाली, भांडण नाही."

गेनबांनी विचारलं, "तितं बी भावकी हाय का?"

"चार वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसं आहेत."

"म्हंजे भावकीच की," गेनबा म्हणाले, आणि देऊळ हसलं.

हसलं तरी पटलं. पाच वर्षांचे साठ महिने, तिघींना वीस-वीस. पहिली पाळी घ्यायला मात्र कुणी पुढं होईना. करोनाचं साल. सरपंच म्हणजे बाहेरगावाहून आलेल्या पोरांना शाळेत कोंडायचं, त्यांच्या आयांच्या शिव्या खायच्या आणि वर साहेबाचा फोन घ्यायचा. गेनबा म्हणाले, "पयली मायाला द्या. बिचारी मागून आलीया, तिचा मान करा." असा मान आमच्या गावात आधी कधी झालेला नव्हता.

मग शब्दाची वेळ आली. आमच्याकडं असा शब्द बेलभंडारा उचलून देतात. देवापुढचा भंडारा आणि बेलाचं पान तळहातावर घ्यायचं आणि बोलायचं. एकदा बोललं की ते मोडता येत नाही, निदान मोडायची भीती तरी वाटते. अश्विनीच्या वतीनं गेनबांनी भंडारा उचलला. सगुणाबाईंच्या वतीनं त्यांच्या थोरल्या दिरानं उचलला. मायाला हाक मारली, तर ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आमी भंडारा उचलत न्हाई. माझा शबुद हाय. ईस महिनं झालं की म्या राजीनामा देईन."

कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, अशानं कसं चालंल. कुणी म्हणालं, हात लावला तर काय झिजतीया का. ते ऐकून गुरुजींना राग आला, हे मी पाहिलं. ते पुन्हा उठले आणि म्हणाले, "तिच्यावर जबरदस्ती करायची नाही. ज्याचा त्याचा धर्म. त्यापेक्षा तिच्याकडून कागद घ्या. राजीनामा लिहून सही करून ठेवायचा, तारीख मोकळी सोडायची. कागद बंद लिफाफ्यात माझ्या कपाटात राहील." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी लिहिलं. 'मी माझ्या सरपंचपदाचा राजीनामा स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे.' चार ओळी, सुरेख समास सोडून. मायानं उंबऱ्यावर कागद ठेवून सही केली. त्या वेळी मला यात काहीही वावगं वाटलं नाही. उलट गुरुजींचा अभिमान वाटला. इतिवृत्तात मी 'सर्वानुमते' हा शब्द लिहिला आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आज आपल्या गावात स्वित्झर्लंड आलं.

मायानं वीस महिने काम केलं. पहिलं वर्ष करोनात गेलं. शाळेत ठेवलेल्या पोरांना ती दोन वेळचं जेवण पोचवायची आणि ती पोरं तिच्या अंगावर खेकसायची. दुसऱ्या वर्षी तिनं पाण्याचा विषय घेतला. गावाला विहीर आहे, वरच्या आळीला बोअर आहे, पण टेपावरच्या वस्तीला खालचा झरा सोडला तर काहीच नाही, आणि तो होळीनंतर वाटीवर येतो. गावासाठी नवी टाकी मंजूर होत होती. आराखड्यात पाइप गावापाशी संपत होता. तो वस्तीपर्यंत नऊशे मीटर पुढं न्यावा म्हणून माया एसटीनं वेल्ह्याला आणि तिथून पुण्याला चकरा मारत राहिली. किती, ते तिनं कधी सांगितलं नाही. एकदा शाळेच्या थांब्यावर भेटली तर हातात चप्पल होती, अंगठा तुटलेला. शेवटी वाढीव नऊशे मीटर कागदावर आले. काम सुरू करायचा हुकूम तेवढा निघायचा होता.

बावीस साली वसुबारसेच्या दिवशी ती गुरुजींच्या ओटीवर आली. मी तिथं फराळाचा डबा द्यायला गेले होते. गुरुजी खुशीत होते. इंग्लंडच्या पंतप्रधान बाईंनी आदल्याच दिवशी राजीनामा जाहीर केला होता, अवघ्या दीड महिन्यात, आणि गुरुजी स्टुलावर चढून चौथ्या रकान्यात त्याची चिठ्ठी चिकटवत होते.

माया खालीच बसली. म्हणाली, "गुरुजी, ह्या म्हयन्यात माझी मुदत सरतीया. म्या न्हाई म्हणत न्हाई. पर गुढीपाडव्यापत्तूर थांबा. पाच महिनं. हुकूम निघाला आन् चर खणला की म्या आपून होऊन जाते."

"अश्विनीला सांग. ती पुढं करील काम."

"त्या न्हाई करायच्या," माया म्हणाली. "त्यांच्या घरच्यांचं प्लॉट हायती रस्त्याकडंला. पाइप तिकडं वळंल."

गुरुजी स्टुलावरून उतरले. तक्त्यापाशी उभे राहून त्यांनी तिला दहा मिनिटं समजावलं. या देशाचा अध्यक्ष बघ, काम उरलंय म्हणाला आणि तीस वर्षं बसला. हा बघ, यानं मुदत वाढवून घ्यायला घटनाच बदलली. आणि इंग्लंड बघ, एवढा मोठा देश, दीड महिन्यात बाई उतरल्या, थांबा म्हणाल्या नाहीत. माया ऐकत होती. तिची नजर तक्त्यावर नव्हती, ती गुरुजींच्या कपाटाकडं बघत होती.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "गुरुजी, ती हुकूमशहा नाही हो. ती नळ मागतेय."

"सुरुवात सगळ्यांची नळापासूनच होते, बाई," ते म्हणाले.

एरवी मी त्यांच्याशी वाद घालायचे. त्या दिवशी मला घरी करंज्या तळायच्या होत्या आणि तसंही गुरुजींना राज्यशास्त्रात कोण हरवणार. मी फराळाचा डबा ओटीवर ठेवला. माया उठली. म्हणाली, "बरं. शबुद दिलाय म्या." महिनाअखेरीला गुरुजींनी लिफाफा फोडला, पेन दोनदा झटकलं आणि माझ्या अक्षराखाली आपल्या अक्षरात तारीख घातली.

राजीनामा असा नुसता पोचून चालत नाही. तालुक्याला बोलावून विचारतात, खरंच तुमचा का, कुणी जोर तर केला नाही ना. तिथं मायानं 'माझा नाही' एवढं म्हटलं असतं तरी कागद रद्दी झाला असता. हे तिला ठाऊक होतं, गेनबांना ठाऊक होतं, म्हणून त्यांचा मुलगा, म्हणजे अश्विनीचा नवरा कुमार मुद्दाम दाराशी जाऊन उभा राहिला होता. साहेबांनी विचारलं. माया म्हणाली, "सही माझी हाय. शबुद बी माझाच हाय." आणि एसटीनं परत आली.

पुढचं सांगायला मला कंटाळा येतो, कारण ते कुणालाही सांगता येईल. अश्विनी सरपंच झाली, खुर्चीवर कुमार बसू लागला. दोन महिन्यांत हुकूम निघाला. चर खणला गेला, तो रस्त्याच्या कडेनं, पुण्याच्या लोकांना विकलेल्या प्लॉटांकडं. नऊशे मीटर अगदी चोख भरले. चोविसाच्या जूनमध्ये अश्विनीचे वीस महिने संपले. जुलै गेला. भातं लावून झाली. कुणी काही बोलेना. मग एका सकाळी गुरुजी गेनबांच्या पडवीत गेले. मला बरोबर घेऊन गेले, इतिवृत्ताच्या वहीसकट.

गेनबा सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"भंडारा उचलला होता तुम्ही," गुरुजी म्हणाले.

"व्हय की. म्या उचलला, न्हाई कशाला म्हणू."

"मग राजीनामा?"

"देतो की. घ्या लिहून बाई, म्या राजीनामा देतो म्हनून." गेनबांनी सुपारी तोंडात टाकली. "पर सरपंच म्या कुठं हाय? सरपंच सूनबाई हाय. तिनं काय भंडारा उचलला न्हवता. ती तर त्या दिशी देवळाकडं आलीबी नव्हती."

मी वही मिटली. काय लिहिणार होते? सगुणाबाईंच्या घरच्यांनीही आवाज केला नाही. त्यांची समजूत कशी घातली ते मला ठाऊक नाही, पण पाइप त्यांच्या अंगणापर्यंत गेला एवढं खरं. अविश्वास ठरावाला सहा सह्या लागत होत्या, त्यांपैकी दोन जमल्या. गुरुजी मला घेऊन वेल्ह्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "गुरुजी, कायद्यानं सरपंचाची मुदत पाच वर्षं. देवळात काय ठरलं त्याला आम्ही काय करणार?"

 परत येताना एसटीत, मार्गासनी आल्यावर गुरुजी म्हणाले, "स्वित्झर्लंडात कायदाच एका वर्षाचा आहे, बाई. वर्ष संपलं की तो आपोआप उतरतो. त्याच्या चांगुलपणाची गरजच पडत नाही. मी ते देवळात सांगायला विसरलो."

"विसरलात?" मी विचारलं.

"म्हणजे मला त्या वेळी लक्षात आलं नाही," ते म्हणाले.

त्यानंतर ते खचले. तब्येतीनं नव्हे, पण सकाळी रेडिओ लावायचे बंद झाले. कुठं सरकार पडलं तर मीच जाऊन सांगायचे आणि ते "बरं" म्हणायचे. तक्ता भिंतीवर होता, त्याची खालची बाजू शेळीनं खाल्ली. भोर संस्थान तिच्या पोटात गेलं. मी म्हटलं, नवा कागद जोडू या. म्हणाले, राहू द्या. सव्वीसच्या फेब्रुवारीत पंचायतीची मुदत संपली, प्रशासक आला. पुढची निवडणूक कधी, ते कुणालाच सांगता येईना. अश्विनी अशा रीतीनं कायदेशीर, वेळेवर पायउतार झाली. चाळीस महिने, तिचे आणि सगुणाबाईंचे मिळून.

एप्रिलमध्ये एका दुपारी गुरुजी माझ्या दारात आले. टोपी घातलेली, हातात काठी. म्हणाले, "मला मायाकडं जायचंय. एकट्याचं धाडस होत नाही. चला."

टेपावरची वस्ती माझ्या दारातून दिसते. चालत पंधरा मिनिटं. चढता चढता मी हिशेब केला, मी तिथं आधी किती वेळा गेले होते. दोनदा, दोन्ही वेळा जनगणनेला. गुरुजींना विचारलं, तर तेही म्हणाले, जनगणनेला. पस्तीस वर्षं समतेचं कलम शिकवणारा माणूस आणि मी. लाज वाटली. चढ फार नव्हता, पण आम्ही दोनदा थांबलो.

घरी मायाची सासू जाईबाई होत्या. त्यांनी पटकन पोतं अंथरलं. माया झऱ्यावर गेलेली. "ती सांजपत्तूर यायची न्हाई," जाईबाई म्हणाल्या. "नंबर लागत्यात." मग आम्ही मागच्या बाजूनं खाली उतरलो.

झरा म्हणजे खडकाखाली खणलेला हातभर खड्डा. पाणी बोटभर साचलं की ते वाटीनं उचलायचं आणि हंड्यात ओतायचं. तीन बायका भरून वर निघाल्या होत्या. माया शेवटची. तिनं आम्हाला पाहिलं, पदर सारखा केला आणि पुन्हा वाटी खाली घातली. हंडा अर्ध्याच्या थोडा वर आला होता.

गुरुजी काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, "माया, माझं चुकलं. तुला ते पाच महिने द्यायला हवे होते."

तिनं एक वाटी ओतली, मग दुसरी.

"पाच महिन्याचं काय न्हाई, गुरुजी," ती म्हणाली. "मुदत ती मुदत. म्या शबुद दिला हुता, तुमी तारीख घातली, त्याचा मला राग न्हाई. पर येक इचारू का?"

"विचार."

"कागद माझ्या येकलीचाच का घेतला?"

गुरुजी म्हणाले, "तू भंडारा उचलणार नव्हतीस, म्हणून. तुझ्यावर कुणी जबरदस्ती करू नये, म्हणून मी—"

"त्या दोघींनी तरी कुठं उचलला? त्यांच्या घरच्यांनी उचलला, आन् तेवढ्यावं त्यांचा शबुद धरला. माझा सम्राट भायेर चपलांपाशी हुबा हुता. त्याला कुणी इचारलं बी न्हाई. म्या माझ्या तोंडानं शबुद देत हुते. सगळ्या देवळात माझ्या येकलीच्याच तोंडानं शबुद आला हुता. आन् तुमी म्हणलात, हिचा कागद घ्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं, रागाला काहीतरी उत्तर देता येतं. ती दमलेली होती, एवढंच.  जगातल्या कुठल्याही देशाबद्दल त्यांच्यापाशी उत्तर असायचं.  आता ते नुसते हंड्याकडं बघत होते. मला मी लिहिलेला कागद आठवला. 'स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय', हे शब्द मला कुणी सांगितलेही नव्हते. ते मी आपण होऊन घातले होते, वाक्य चांगलं व्हावं म्हणून.

माया वाटीनं पाणी उचलत राहिली. आम्ही निघून जायला हवं होतं, पण पाय निघेनात. हंडा गळ्याशी आला तशी माया उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि आजूबाजूला पाहिलं. बाकीच्या बायका वर पोचल्या होत्या.

"जरा हात लावा," ती म्हणाली.

गुरुजींनी काठी खाली ठेवली आणि वाकले. त्यांच्यानं तो हंडा गुडघ्याच्या वर येईना. मग मी दुसऱ्या बाजूनं काठ धरला. आम्ही दोघांनी मिळून तो तिच्या डोक्यावर ठेवला आणि ती चढाला लागली.